'फक्त लग्न चांगलं करून द्या'

आमच्या पतसंस्थेच्या कर्जमागणी अर्जावर 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. बावीस वर्षं मी हे अर्ज तपासते आहे. माघ-फाल्गुनापासून त्या रकान्यात 'घरदुरुस्ती' वाढायला लागते. कोणी 'शेतीसुधारणा' लिहितं, कोणी 'किरकोळ घरखर्च'. समोरचा माणूस सही करतो आणि अर्ज पुढे सरकवताना आवाज खाली आणून सांगतो, "ताई, पोरीचं जमलंय."

गेल्या वैशाखात माण तालुक्यातलं एक जोडपं सोनेतारणासाठी आलं होतं. तीन एकर जमीन, त्यातलं पाण्याखालचं एकच. बाईंनी काउंटरसमोर उभं राहून गळ्यातली बोरमाळ काढली. सराफाने वजन केलं, पावती झाली, पिशवीला सील लागणार एवढ्यात त्या मला म्हणाल्या, "हळदीला गळ्यात घालून दुसऱ्या दिवशी परत आणून दिली तर चालंल का वं?" नियमात बसत नव्हतं. स्वतःच्या लेकीच्या हळदीला ती बाई मोकळ्या गळ्याने उभी राहिली असणार.

मी त्यांच्या मालकांना विचारलं, समोरच्यांनी काय मागितलंय? ते म्हणाले, "काही नाही हो. माणसं चांगली आहेत. हुंडा नको म्हणाले. फक्त लग्न चांगलं करून द्या एवढंच म्हणणं आहे."

हे एक वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. रोख आकडा उघडपणे बोलायला आता शिकलेली घरं लाजतात, ते बरंच झालं. पण त्या आकड्याच्या जागी हे वाक्य येऊन बसलंय. 'चांगलं' म्हणजे काय ते बैठकीत कोणी सांगत नाही. ते मुलीच्या बापाने ओळखायचं असतं. कार्यालय रस्त्यालगतचं हवं, पार्किंग मोठं हवं. हजार-बाराशे पानं उठली पाहिजेत, जेवणात पनीर आणि चाटचा स्टॉल हवा. वरपक्षाच्या पाहुण्यांना फेटे, मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या. एलईडी पडदा, ड्रोन, वरातीला डीजे. कुठेही मागणी झालेली नसते आणि तरी एकही गोष्ट गाळायची सोय नसते. आकडा ठरलेला असता तर माणूस तेवढा देऊन मोकळा तरी झाला असता. 'चांगलं' या शब्दाला तळ नाही.

म्हणून कमी खर्चात लग्न कसं करावं याचे जे सल्ले दिले जातात ते वाचून मला वाईट वाटतं. पत्रिका मोबाईलवर पाठवा, फुलं मोसमातली घ्या, शालू भाड्याने आणा. सल्ले खोटे नाहीत, पण ते ज्याला दिले जातात त्याच्या हातात काही नसतं. मुलीच्या बापाने काटकसर केली की तो चिक्कू ठरतो, आणि त्याच्या कंजूषपणाचे टोमणे पुढे दहा वर्षं लेक ऐकते. हे त्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो बोरमाळ ठेवतो. माझं म्हणणं सरळ आहे. लग्न साधं करण्याचा शब्द मुलाच्या घरच्यांनी काढला पाहिजे. तो पहिल्याच बैठकीत काढला पाहिजे आणि आपणहून काढला पाहिजे. समोरचा मागेल, मग आपण मोठेपणा दाखवू, असं ठरवून बसलात तर तो कधीच मागणार नाही.

कोणी म्हणेल, लग्नापायी कर्ज हा काय आजचा प्रश्न आहे का? नाही. पण जुन्या काळाचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि दंगे आजूबाजूच्या तालुक्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. तेव्हाही साहेबलोकांचं ठरलेलं मत होतं की ही रयत लग्नात उधळते म्हणून बुडते. आयोगाने मात्र नोंदवलं की कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानाने खर्च जास्त असेलही, पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि बऱ्याच वर्षांचा हिशेब केला तर एवढी हौस त्या माणसाला शोभण्यासारखीच आहे. परक्या सरकारच्या आयोगाने आपल्या शेतकऱ्याच्या बाजूने काढलेलं हे मत मला फार मोलाचं वाटतं. हौस हा गुन्हा नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला घरात चार दिवस सनई वाजावी असं वाटणं यात काही वावगं नाही.

मग आज काय बदललं? माझ्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट चटकन दिसते, ती म्हणजे आहेराची वही. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून गावातला अक्षर चांगलं असलेला एखादा पोरगा बसायचा आणि नाव, गाव, रक्कम लिहून घ्यायचा. 11 रुपये, 51 रुपये, भांडं, साडी, कोणी पायलीभर गहू. ती वही घरात जपून ठेवलेली असायची. पुढे त्या घरी कार्य निघालं की वही काढून बघायची आणि तेवढं, वर थोडं, परत करायचं. ही एका अर्थाने गावाची भिशीच होती. ज्याच्या घरी लग्न त्याची पाळी. जेवण त्याचं, पण ओझं सगळ्यांनी थोडं थोडं उचललेलं. नंतर पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायची पद्धत आली. ते दिसायला मोठेपणाचं आहे. झालं मात्र असं की जेवण हजार माणसांचं राहिलं आणि भिशी मोडली. पूर्वी गावाने उचललेला भार आता एकटा माणूस हप्त्यांनी उचलतो. 5 लाख रुपये 14 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याला साडेअकरा हजारांच्या वर हप्ता बसतो, आणि फेडताना ते जवळजवळ 7 लाख होतात. लग्नाचा अल्बम तोवर कपाटात गेलेला असतो. पुष्कळदा लेकीचं पहिलं बाळंतपण, दुसरं बाळंतपण याच हप्त्यांच्या काळात होतं.

आमच्या खटाव-माण-खानापूर पट्ट्यात यात आणखी एक भर आहे. इथली पुष्कळ घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. ती माणसं मे महिन्यात गावी येतात आणि तेव्हाच लग्नं निघतात. मेहनतीने वर आलेली माणसं आहेत, त्यांच्या घरची लग्नं मोठी होणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच गावात, त्याच आठवड्यात, पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या भावकीतल्या घराचंही लग्न असतं आणि त्याला मोजायची पट्टी तीच लागते.

आणि पुढारी. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा, अक्षता पडतात सव्वादोनला. मधला वेळ माईकवरच्या स्वागतात आणि आशीर्वादपर भाषणांत जातो. हातातल्या अक्षता घामाने चिकट होतात, म्हातारी माणसं चक्कर येऊन बसतात. 2013 च्या दुष्काळात एका मंत्र्याच्या घरच्या थाटामाटाच्या लग्नावरून खुद्द शरद पवारांनी जाहीर नापसंती दाखवली होती, ते बघून झोप लागली नाही असं ते म्हणाले होते. त्या मंत्र्यांनी माफीही मागितली. त्यानंतर किती नेत्यांनी आपल्या घरची कार्यं आटोपशीर केली ते प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात बघावं.

यावर कायदा करा असंही अधूनमधून म्हटलं जातं. लोकसभेत रंजीत रंजन यांनी असं एक खासगी विधेयक आणलं होतं. 5 लाखांच्या वर खर्च करणाऱ्याने दहा टक्के रक्कम गरीब मुलींच्या लग्नासाठी द्यावी, अशी त्यात तरतूद होती. हेतू चांगला, पण हळदीच्या मांडवात सरकारी माणूस बिलं तपासायला आलेला मला नको आहे. शिवाय हुकुमाने काय होतं आणि काय होत नाही ते आपण पाहिलंय. करोनाच्या काळात, एप्रिल 2021 मध्ये, राज्यात आदेश निघाला होता: लग्नाला 25 माणसं, सोहळा दोन तासांत, मोडलं तर 50,000 रुपये दंड. त्या दोन उन्हाळ्यांत दारातल्या मांडवात कितीतरी लग्नं लागली. ती जोडपी आज संसार करताहेत, पोरं अंगणवाडीत जाताहेत. 'तुमचं लग्न लहान झालं' असं त्यांना कोणी हिणवलेलं मी ऐकलं नाही.

का नाही हिणवलं? कारण तेव्हा नाक कोणाचंच कापलं गेलं नाही. सगळ्यांना एकच नियम होता, त्यामुळे लहान लग्न करायला मुलीच्या बापाजवळ कारण होतं. आदेश उठला, कारण गेलं, आणि पुढच्याच मोसमात बाराशे पानं परत आली. माणसांना उधळायची फार हौस आहे म्हणून हा खर्च होतो असं मला वाटत नाही. न करण्यासाठी आधार नाही म्हणून तो होतो. ज्या समाजांनी, ज्या गावांनी एकत्र बसून आचारसंहिता केली आहे, मोजके पाहुणे, डीजे नाही, प्री-वेडिंग नाही, त्यांचं मी म्हणूनच कौतुक करते. 2025 मध्ये पुणे भागातल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर मराठा समाजातल्या मंडळींनी असे नियम मांडले. ते किती पाळले जातील हा पुढचा प्रश्न, पण त्यांच्यामुळे गरीब बापाला बोट दाखवायला एक कागद मिळाला.

हा आधार देणं आपल्याकडे नवीनही नाही. जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचं. भटजी नाही, देण्याघेण्याचा बडेजाव नाही. पानसुपारीच्या खर्चात लग्न. त्याला विरोधही झाला. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वातंत्र्य मागते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. दीडशे वर्षं उलटून गेली तरी त्या लग्नाची आठवण आहे. माझ्या मते संस्मरणीय लग्न म्हणतात ते हे. तिथे जे बोललं गेलं ते मनापासून बोललं गेलं, आणि जमलेल्या प्रत्येकाला आपण इथे का आलोय हे ठाऊक होतं.

आता स्वतःच्या घरचं सांगते, कारण लोकांना सांगायचं आणि आपण करायचं नाही हे मला पटत नाही.

आमच्या थोरल्याचं दोन वर्षांपूर्वी जमलं. मुलगी खानापूर तालुक्यातली, वडील एसटीत वाहक. बैठकीला गेलो तेव्हा चहा यायच्या आधीच आमचे हे बोलले, "दोन्हीकडची मिळून दोनशे माणसं. खर्च निम्मा तुमचा, निम्मा आमचा. मानाच्या साड्या-फेटे कोणी कोणाला द्यायचे नाहीत." सगळे गप्प. मग मुलीचे चुलते घसा खाकरून म्हणाले, "पाहुणं, राग मानू नका, पण मुलाचं काही... म्हणजे तब्येत वगैरे ठीक आहे ना?" मला तेव्हा रडू यायचं तेवढं राहिलं. मुलाकडचे आपणहून खर्च वाटून घेतात म्हणजे मुलात खोट असणार, इतकी ही गोष्ट दुर्मिळ झाली आहे.

सगळ्यात जड गेली ती यादी. दोनशेत आमच्या वाट्याला शंभर, आणि नुसती भावकीच दीडशे. तीन रात्री वही घेऊन बसलो. ह्यांचे थोरले चुलतभाऊ चिडले, आठ महिने बोलले नाहीत. हे मी लपवणार नाही. साधं लग्न म्हणजे सगळे खूश, असं जे सांगतात ते खरं सांगत नाहीत. पैशाऐवजी काही माणसांची नाराजी आपल्याला घ्यावी लागते आणि ती वरपक्षाला झेपते, मुलीच्या बापाला झेपत नाही. आम्ही त्यावर वाट काढली ती अशी. सत्यनारायणाच्या पूजेला सगळी भावकी आणि वाडी बोलावली. लापशी, आमटी, भात, वांग्याची भाजी. तीनशे पानं, 28,000 रुपये. तो खर्च आमचा.

लग्न मुलीच्या गावच्या देवळासमोर झालं. जेवण 42,000, मांडव-खुर्च्या 18,000, दोन्ही घरचे कपडे 56,000, सनई आणि हलगी 9,000, फोटो 15,000, भटजी-पत्रिका-किरकोळ 12,000. बेरीज 1,52,000, म्हणजे प्रत्येकी 76,000. मंगळसूत्र वेगळं. दहा ग्रॅम सोनं आता लाखाच्या पुढे गेलंय, म्हणून ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना मी सांगते, दोन वाट्या आणि काळे मणी पुरतात, बाकीचं संसारात होतं.

मांडवडहाळे मुलीच्या भावांनी बैलगाडीतून आणले. हळद दळायच्या वेळी एक गोष्ट घडली. मुलीची आजी ऐंशीच्या घरातली, भिंतीला टेकून बसलेली. जातं सुरू झालं आणि दोघीतिघींना ओवी येईना. आजी उठली, जात्याजवळ बसली, खुंट्याला हात लावला आणि गायला लागली. एकामागून एक. पोरींनी मोबाईल खाली ठेवले. तिची स्वतःची सून मला नंतर म्हणाली की आत्यांना एवढं येतं हे आम्हालाच ठाऊक नव्हतं, विचारलंच नव्हतं कधी कोणी. पंगती वाढायला मुलाचे पुण्याचे मित्र होते. पहिल्या पंगतीत आमटी पानाबाहेर गेली, तिसऱ्या पंगतीला हात बसला. मुहूर्त 11 वाजून 40 मिनिटांचा होता आणि अक्षता त्याच मिनिटाला पडल्या, कारण माईकच नव्हता. लोक अजून भेटले की या गोष्टी काढतात, आणि वेळेवर लागलेल्या लग्नाची तर विशेष. बुफेच्या रांगेत उभं राहून जेवलेल्या लग्नांपैकी मला स्वतःला चार नावं सांगता येणार नाहीत, पण ज्या लग्नात मी पोळ्या लाटल्या ते प्रत्येक लग्न आठवतं. माणसाच्या हाताला काम दिलं की ते कार्य त्याचं होतं. आपण सगळी कामं ठेकेदाराला देऊन टाकली आणि आपल्याच माणसांना खुर्चीत बसवून प्रेक्षक केलं.

यावर एक आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो. लग्नांवर मांडववाले, आचारी, वाजंत्री, फुलवाले, फोटोवाले यांची घरं चालतात. टाळेबंदीत या लोकांचे काय हाल झाले ते आमच्याच थकबाकीच्या यादीत मी पाहिलं. त्यामुळे सगळं बंद करा असं मी म्हणत नाही. पण डीजेचा पैसा जातो कुठे आणि हलगीचा जातो कुठे हे बघा. आमच्या माणमध्ये गजीनृत्याची पथकं आहेत, सनईवाली घरं आहेत. कमी खर्चाच्या लग्नात त्यांना बोलावता येतं, आणि त्यांचा पैसा गावातच राहतो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींच्या लग्नासाठी राज्याची शुभमंगल सामूहिक, नोंदणीकृत विवाह योजना आहे, त्यात जोडप्यामागे 25,000 रुपये मिळतात. सामूहिक लग्न म्हणजे गरिबांचं लग्न हा शिक्का पुसायचा असेल तर त्या मांडवात सावकार, सरपंच आणि संचालक यांनीही आपली मुलं उभी करावीत. दुसरं, लग्न कसंही करा, नोंदणी करा. 1998 च्या राज्याच्या कायद्यानुसार ती बंधनकारक आहे आणि गावात ग्रामपंचायतीत होते. मात्र हिंदू पद्धतीचं लग्न असेल तर विधी झालेच पाहिजेत, नुसता दाखला पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलंय. त्याच निकालात लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे असंही म्हटलंय. ज्यांना विधीच नकोत त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार, एवढं पुरतं.

येत्या रविवारी माझ्या भाच्याची बैठक आहे, फलटणला. मुलाकडचे आपण. भावाला मी फोनवर सांगितलं की आकडा, माणसं, फेटे, सगळं तू काढायचंस, समोरून विषय निघायची वाट बघायची नाही. तो म्हणाला, "अगं, आधी चहापाणी तर होऊ दे." मी म्हटलं, चहा आला की त्यांच्यातलं कोणीतरी विचारेल, 'तुमच्या काही अपेक्षा?', आणि आपल्यातलं कोणीतरी ते वाक्य बोलून जाईल. चहाच्या आधीच बोल. नाहीतर मी बोलते.